किडनी निकामी होत आलेल्या पेशंटला न्यूमोनिया: पहिला डोस पूर्ण द्या, किडनीचा हिशोब दुसऱ्या डोसपासून

प्रश्न थोडक्यात असा होता: सीकेडीचा (किडनीच्या जुन्या, वाढत जाणाऱ्या आजाराचा) पेशंट, ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज) १२, डायलिसिस जवळ आलंय पण अजून सुरू नाही, दोन दिवस खोकला आणि दम, एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पॅच, तर अँटिबायोटिक कुठलं द्यायचं आणि डोस किती कमी करायचा. विचारणारा ज्युनियर डॉक्टर आहे, पण हेच पेशंटच्या घरचे लोक वेगळ्या शब्दांत विचारतात, की डॉक्टर एवढी स्ट्राँग औषधं किडनीला झेपतील का. त्यामुळे दोघांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो, काही ठिकाणी मात्र डोसचे आकडे येतील त्याला इलाज नाही. आणि घरच्यांनी ते आकडे बघून स्वतः डोस ठरवू नये एवढं आत्ताच सांगून ठेवतो, वजन, लघवी, डायलिसिसचं वेळापत्रक यावर ते बदलतात.

माझं म्हणणं असं की प्रश्नाची सुरुवात "किती कमी करायचा" इथून झाली ना, तिथेच गडबड आहे. अशा पेशंटमध्ये दोन उलट्या चुका होताना मी वर्षानुवर्षं बघतोय. पहिल्या दिवशी सगळे किडनीला घाबरतात आणि डोस अर्धा करतात, आणि चौथ्या दिवशी सगळे किडनीला विसरतात आणि तोच डोस पुढे चालू राहतो. व्हायला पाहिजे बरोबर उलटं.

पहिल्या डोसचा किडनीशी जवळजवळ संबंध नसतो. टाकी भरायला किती पाणी लागेल हे टाकीच्या आकारावर ठरतं, खालचा नळ किती वाहतो त्यावर नाही. औषध शरीरात कुठे कुठे पसरणार आहे त्यावर पहिला डोस ठरतो, आणि अंगावर सूज असेल, सेप्सिस (इन्फेक्शनचा अख्ख्या शरीराला बसलेला फटका) असेल तर ही पसरायची जागा उलट वाढलेली असते, म्हणजे पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या औषधांचा पहिला डोस पूर्णच लागतो. व्हॅन्कोमायसिन द्यायचं ठरलं तर तेही वजनावर, किलोला २० ते २५ मिलिग्रॅम, मग पेशंट डायलिसिसवर असो नाहीतर नसो. किडनी औषध बाहेर टाकते, त्यामुळे तिचा प्रश्न दुसऱ्या डोसपासून सुरू होतो, की तो कधी द्यायचा आणि केवढा. न्यूमोनियात सुरुवातीचे तास महत्त्वाचे असतात आणि नेमकं तेव्हाच औषधाची पातळी अर्धवट राहिली तर जंतू मरत नाहीत, किडनी वाचवण्याच्या नादात पेशंट इन्फेक्शनने हातचा जातो.

आता अजून एक गुंता. तुमच्या पेशंटचं क्रिएटिनिन (स्नायूंमधून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात मोजतात) आधी ४ होतं आणि आज ६ आलं, तर ते जुनं दुखणं आहे की आत्ता इन्फेक्शनमुळे किडनीला बसलेला फटका? क्रिएटिनिन वर किंवा खाली सरकत असतं तेव्हा ईजीएफआरचा आकडा खोटा असतो, फॉर्म्युला स्थिर क्रिएटिनिनसाठी बनलेला आहे. आणि हा नवीन फटका बऱ्याच जणांमध्ये बीपी सावरलं की पहिल्या ४८ तासांत सुधारायला लागतो. म्हणून ज्या औषधांना सेफ्टी मार्जिन मोठं आहे, म्हणजे बहुतेक बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिनची जात), त्यांच्यात पहिले दोन दिवस थोडं जास्तीच्या बाजूला राहिलेलं मला चालतं. ज्यांचं मार्जिन बारीक आहे, सेफेपिम, इमिपेनेम, व्हॅन्कोमायसिन, अमायनोग्लायकोसाईड (जेंटामायसिनसारखी), तिथे ही उदारता नको. आणि ज्याचा ईजीएफआर महिनोन्महिने १० पाशीच स्थिर आहे त्याला ही सूट लागू नाही, त्याचा दुसरा डोस पहिल्या दिवसापासूनच कमी. वयस्कर, हाडं दिसणाऱ्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन ३ म्हणजे "तसं ठीक आहे" असं वाटतं, पण स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन येणार कुठून, तिथे वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी क्रिएटिनिन किती वेगाने बाहेर टाकते तो आकडा, पुढे नुसतं क्लिअरन्स म्हणतो) काढाच, औषधांचे बरेचसे डोस-चार्टही त्याच आकड्यावर बेतलेले आहेत.

पण थांबा, अँटिबायोटिकच्या आधी हा खरंच न्यूमोनिया आहे का ते बघू. किडनीच्या पेशंटला दम लागला आणि एक्स-रे पांढरा दिसला तर निम्मा प्रश्न पाण्याचा असतो. नुसतं पाणी, नुसता न्यूमोनिया, किंवा दोन्ही एकत्र, आणि माझ्या पाहण्यात दोन्ही एकत्र हा प्रकार भरपूर, कारण इन्फेक्शनमुळे फुप्फुसातल्या केशिका गळक्या होतात आणि मग एरवी खपून गेलेलं एक-दीड लिटर जास्तीचं पाणी आता खपत नाही. पाण्याकडे झुकणाऱ्या गोष्टी म्हणजे आडवं झालं की दम वाढणं, दोन डायलिसिसमधला मोठा गॅप, वजन वाढलेलं, बीपी चढलेलं, दोन्ही बाजूंना मधोमध सारखाच पांढरेपणा. न्यूमोनियाकडे झुकणाऱ्या म्हणजे एकाच बाजूला पॅच, श्वास घेताना टोचल्यासारखं दुखणं, पिवळा किंवा गंजासारखा कफ, बीपी कमी. पण हे सगळं पुस्तकातलं, खरा पेशंट दोन्हीकडून थोडं थोडं घेऊन येतो. अशा वेळी एक साधा उपाय म्हणजे डायलिसिसवर पाणी काढून एक्स-रे परत काढायचा. पाण्याचा पांढरेपणा काही तासांत ते दिवसाभरात ओसरतो, न्यूमोनियाचा पॅच जागचा हलत नाही. बेडसाईड सोनोग्राफी येत असेल तर फारच उत्तम, आधी आणि नंतर बघा. मात्र या तपासासाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका, संशय पक्का असेल तर पहिला डोस द्या आणि मग शोधत बसा, नंतर नुसतं पाणीच निघालं तर बंद करता येतं.

तापावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. युरेमियामुळे (रक्तात साठलेल्या कचऱ्यामुळे) प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, पांढऱ्या पेशी असतात पण कामाला ढिल्या, शिवाय डायलिसिसच्या पेशंटचं नेहमीचं तापमानच थोडं खाली असतं, त्यामुळे ९९.५ सुद्धा त्याच्यासाठी ताप असू शकतो. कितीतरी वेळा न्यूमोनियाची पहिली खूण म्हणजे जेवण सुटलं, दिवसभर झोपून आहे, बडबड असंबद्ध झाली, बाथरूममध्ये पडला, किंवा एरवी डायलिसिस नीट होणाऱ्या माणसाचं मशीनवर बीपी पडायला लागलं. घरच्यांनी हे लक्षात ठेवा, "आजोबा आज काहीतरी वेगळेच वागतायत" ही तक्रार घेऊन आलात तर ती आम्हाला पुरेशी आहे.

श्वासाचा वेगही फसवतो. किडनीमुळे रक्त आम्लधर्मी झालेलं असेल तर पेशंट आधीपासूनच जोरजोरात श्वास घेत असतो. इथे एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी) बघताना एक गोष्ट चटकन नजरेतून सुटते. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) १५ असेल तर कार्बन डायऑक्साईड साधारण ३० च्या आसपास खाली आलेला असायला हवा. तो ४० आला आणि रिपोर्टवर "नॉर्मल" छापून आलं म्हणून निवांत होऊ नका, तो नॉर्मल नाही, पेशंट श्वास घेऊन घेऊन दमलाय आणि पुढच्या काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो. या पेशंटला आयसीयूत हलवायचं, वॉर्डात थांबवायचं नाही.

ब्लड टेस्टचंही तसंच. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या टेस्ट) दोन्ही या लोकांमध्ये इन्फेक्शन नसतानाही थोडी वाढलेली असतात, त्यामुळे प्रोकॅल्सिटोनिन ०.२५ च्या वर म्हणजे बॅक्टेरिया हे गणित इथे चालत नाही. एकदाच करून निर्णय घेण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी परत करून खाली येतंय का ते बघा, तोच त्याचा उपयोग, आणि डायलिसिसमध्ये प्रोकॅल्सिटोनिन थोडं निघून जातं तेही ध्यानात असू द्या. न्यूमोनिया किती गंभीर ते मोजणाऱ्या कर्ब-६५ स्कोअरमध्ये युरिया ७ मिलिमोल म्हणजे साधारण ४२ मिलिग्रॅमच्या वर असला की एक मार्क, आता आपल्या पेशंटचा युरिया तर एरवीच १२०, त्याला हा मार्क फुकटात. काहीजण म्हणतात मग तो मार्क वजा करा आणि स्कोअर कमी आला की घरी पाठवा. मला हे पटत नाही. किडनीचा आजार हाच न्यूमोनिया बिघडण्याचा धोका आहे, त्यामुळे स्कोअर बाजूला ठेवा आणि ऑक्सिजन, बीपी, शुद्ध, तोंडाने खातोय का, आणि घरी लक्ष ठेवणारं कोणी आहे का यावर ठरवा. ईजीएफआर १२ आणि न्यूमोनिया, मी तरी किमान पहिले ४८ तास ॲडमिट करतो.

लिजिओनेला आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूंची लघवीवरची टेस्ट सांगताना आधी विचारा पेशंटला लघवी होते का. हसू नका, अनेक डायलिसिसवाल्यांना होतच नाही, आणि ती टेस्ट दोन दिवस "सॅम्पल पेंडिंग" दाखवत राहते. तिथे कफाची पीसीआर (जंतूचे जनुक शोधणारी टेस्ट) पाठवा. ब्लड कल्चर मात्र पहिल्या डोसच्या आधी न चुकता, आणि गळ्यात किंवा छातीत डायलिसिस कॅथेटर असेल तर कॅथेटरमधून एक आणि हाताच्या शिरेतून एक. कारण सीटीवर फुप्फुसाच्या कडेकडेने गोल गोल डाग, त्यातल्या काहींच्या मध्ये पोकळी, असं दिसलं तर तो साधा न्यूमोनिया नाही, कॅथेटरमधून किंवा हृदयाच्या झडपेवरून स्टॅफ हा जंतू उडून फुप्फुसात जातोय. त्याचा इलाज वेगळा, कॅथेटर काढावं लागतं, इको करावा लागतो आणि औषध काही आठवडे चालतं. साध्या सीटीने न्यूमोनियाचं काम भागतं, डाय (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) लागत नाही. पण फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असल्याचा खरोखर संशय असेल तर किडनीच्या भीतीने डायचा सीटी नाकारू नका, गुठळी चुकली तर माणूसच जातो.

आता औषध कुठलं. डायलिसिसवर आहे म्हणजे आपोआप मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन, ही सवय सोडा. ती सवय आली कुठून तर २००५ च्या अमेरिकन गाईडलाईनमध्ये डायलिसिसचा पेशंट हेल्थकेअर-असोसिएटेड न्यूमोनिया या गटात टाकला होता, म्हणजे हॉस्पिटलमधले चिवट जंतू गृहीत धरायचे. २०१९ च्या गाईडलाईनने तो गटच काढून टाकला. आता विचारायचं ते असं की याआधी कधी कफात एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ) किंवा स्यूडोमोनास (असाच एक चिवट जंतू) सापडला होता का, आणि गेल्या ९० दिवसांत ॲडमिट होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलंय का. नसेल आणि पेशंट फार गंभीर नसेल तर सेफ्ट्रियाक्सोन अधिक अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन, बस. या तिघांनाही किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही, डायलिसिसची वेळ सांभाळत बसावं लागत नाही, म्हणून माझी पहिली पसंती हीच, सेफ्ट्रियाक्सोन दिवसाला १ ते २ ग्रॅम. किडनी फेल असलेल्यात सेफ्ट्रियाक्सोननेही क्वचित गोंधळलेपणा आल्याच्या नोंदी आहेत, तेवढं डोक्यात असू द्या. अझिथ्रोच्या आधी ईसीजी काढून क्यूटी (हा भाग लांबला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो) बघा कारण यांचं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम डायलिसिसपूर्वी एक आणि नंतर एक असतं. क्लॅरिथ्रोमायसिन मी टाळतो, क्लिअरन्स ३० च्या खाली डोस निम्मा करावा लागतो आणि त्याची भांडणं तर कितीतरी औषधांशी, ॲम्लोडिपिनबरोबर बीपी पाडतं, स्टॅटिनबरोबर स्नायू खराब करतं, टॅक्रोलिमसची (ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळीची) पातळी आभाळाला नेतं, आणि किडनीच्या पेशंटला गाऊटसाठी कोल्चिसिन चालू असेल तर जीवघेणं ठरतं.

लिव्होफ्लॉक्सासिन सोयीचं वाटतं, ७५० चा पहिला डोस आणि मग क्लिअरन्स २० च्या खाली किंवा डायलिसिसवर असेल तर ५०० दर ४८ तासांनी. पण शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर अचानक पडते, झटके, क्यूटी, टाचेचा स्नायुबंध तुटणं, आणि मुख्य म्हणजे टीबी असेल तर तो काही दिवस दबून जातो, पेशंटला बरं वाटतं आणि निदान लांबतं. किडनीच्या पेशंटला टीबीचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त, तेव्हा हळूहळू आलेला खोकला, वजन घटलेलं, वरच्या भागात पॅच असं असेल तर आधी कफ टीबीसाठी पाठवा, मग बोला.

तोंडाने अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह द्यायचं तर क्लिअरन्स ३० च्या खाली ती ८७५ अधिक १२५ वाली मोठी गोळी देत नाहीत, ५०० अधिक १२५ वाली १२ तासांनी, आणि १० च्या खाली किंवा हिमोडायलिसिसवर (मशीनवरच्या डायलिसिसवर) २४ तासांनी, डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यावर.

स्यूडोमोनासची खरी शंका असेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, न्यूमोनियाच्या जोरासाठी क्लिअरन्स २० च्या खाली २.२५ ग्रॅम दर ६ तासांनी, हिमोडायलिसिसवर दर ८ तासांनी आणि डायलिसिसनंतर ०.७५ ग्रॅम जास्तीचा. व्हॅन्कोमायसिनबरोबर ते दिलं की क्रिएटिनिन चढतं, त्यातलं किती खरं किडनीचं नुकसान आणि किती नुसता आकडा यावर वाद आहे, पण ज्याची थोडी लघवी शिल्लक आहे त्याच्यात मी ही जोडी शक्यतो टाळतो. डायलिसिसवर असला तरी ती उरलीसुरली लघवी सोन्यासारखी आहे, ती गेली की पाण्याचं सगळं गणित बिघडतं, आणि म्हणूनच "आता किडनी गेलेलीच आहे, जेंटामायसिन द्यायला काय हरकत" हे मला ऐकवत नाही. शिवाय ते फुप्फुसात नीट पोचत नाही आणि कान कायमचे जाऊ शकतात.

सेफेपिमबद्दल जरा थांबून सांगतो. चांगलं औषध आहे, पण किडनी फेल असताना डोस कमी न करता चालू ठेवलं की साधारण दोन ते पाच दिवसांत पेशंट गोंधळतो, हातपाय मधेच दचकल्यासारखे उडतात, बोलणं बंद होतं, नुसता टक लावून बघतो. सगळे म्हणतात युरेमिया वाढला, किंवा इन्फेक्शन डोक्यात गेलं, आणि अजून मोठं अँटिबायोटिक लावतात. ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) काढला तर बऱ्याचदा बाहेरून न दिसणारे झटके चालू असतात. औषध थांबवायचं, लागलं तर डायलिसिस करायचं, बहुतेक जण एक-दोन दिवसांत माणसात येतात. तेव्हा न्यूमोनिया सुधारतोय, ऑक्सिजन कमी लागतोय आणि शुद्ध मात्र बिघडतेय, असं उलटं चित्र दिसलं की पहिल्यांदा औषधांचा कागद उघडा. इमिपेनेमने झटके येतात, आणि मेरोपेनेम देताना पेशंटला आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे का ते विचारा, त्याची पातळी धाडकन खाली येते आणि डोस वाढवून ती भरून निघत नाही.

एमआरएसएसाठी लिनेझोलिडचा डोस बदलायचा नाही, ६०० दर १२ तासांनी, पण किडनी फेल असलेल्यांमध्ये प्लेटलेट पडण्याचं प्रमाण जास्त, दर दोन-तीन दिवसांनी काउंट बघा, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का तेही, त्यांचं याच्याशी जमत नाही. डॅप्टोमायसिन न्यूमोनियात चालत नाही, फुप्फुसातलं सरफॅक्टंट त्याला निकामी करतं. नाकाचा एमआरएसए स्वॅब निगेटिव्ह आला आणि कल्चरमध्येही काही नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एमआरएसएचं औषध बंद करायची हिंमत दाखवा.

फ्लूच्या सीझनमध्ये ओसेल्टामिविर विसरू नका आणि ७५ दोनदा असा नेहमीचा डोसही लिहू नका. क्लिअरन्स १० ते ३० मध्ये ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, हिमोडायलिसिसवर लगेच एक आणि मग प्रत्येक डायलिसिसनंतर ३०, पाच दिवसांच्या मुदतीत. कोविड असेल तर रेमडेसिविरला आता किडनीची अट राहिलेली नाही, २०२३ पासून डायलिसिसवरही त्याच डोसमध्ये मान्यता आहे.

सलाईनचा प्रश्न. बीपी ८०, लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) वाढलेलं, आणि सगळे घाबरलेले की लघवी होत नाही तर पाणी द्यायचं कसं. पेशंट खरंच शॉकमध्ये असेल तर पाणी द्यायचंच, पण २५०-५०० मिली देऊन परत तपासायचं, ऑक्सिजन, फुप्फुसाचा आवाज, सोनोग्राफी, मग पुढचं. फायदा दिसेना झाला की नॉरॲड्रिनॅलिन (बीपी चढवणारं औषध) लवकर सुरू करा, लिटरवर लिटर ओतू नका. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम ४ च्या आसपास आहे म्हणून त्याला किडनीवाल्यांमध्ये बंदी, ही जुनी समजूत, नॉर्मल सलाईनने रक्त अजून आम्लधर्मी होऊन पोटॅशियम उलट जास्त चढतं. आणि ज्याचं बीपी १६० आहे, पाय सुजलेत, त्याला "न्यूमोनिया आहे ना" म्हणून सवयीने तासाला १०० मिली लावून ठेवलेली बाटली कृपा करून काढा.

डायलिसिस केव्हा? न्यूमोनिया झाला म्हणून डायलिसिस सुरू करायचं नसतं, त्याने जंतू मरत नाहीत. डायरेटिकला (लघवी वाढवणाऱ्या औषधाला) दाद न देणारं फुप्फुसातलं पाणी, ईसीजी बदलवणारं पोटॅशियम, न आवरणारी ॲसिडोसिस, ही कारणं असली की लगेच. इन्फेक्शनमध्ये पेशी तुटतात, खाणं बंद असतं, त्यामुळे पोटॅशियम आणि युरिया नेहमीपेक्षा झपाट्याने चढतात, आधीचं वेळापत्रक पुरत नाही, रोज बघावं लागतं. बीपी टिकत नसेल तर सावकाश, जास्त तासांचं डायलिसिस, आणि आयसीयूत चोवीस तास चालणारं सीआरआरटी लागलं तर अँटिबायोटिकचा डोस परत वाढवायला लागतो, हे आठवणीने करा, कारण आता औषध सतत धुतलं जातंय. साध्या डायलिसिसच्या दिवशी बहुतेक डोस मशीनवरून उतरल्यावर. सकाळी ८ ला मेरोपेनेम दिलं आणि ९ ला पेशंट मशीनवर गेला तर त्यातलं बरंच औषध वाहून गेलं. नर्सच्या चार्टवर नुसतं "दिवसातून एकदा" लिहू नका, "डायलिसिसनंतर" असं लिहा.

पोटाचं डायलिसिस असेल आणि उजवीकडे छातीत एकदम भरपूर पाणी दिसलं तर न्यूमोनियाचं पाणी समजण्याआधी ते काढून शुगर तपासा, रक्तापेक्षा बरीच जास्त असेल तर पोटातलं फ्लुइड पडद्यातून वर गळतंय. दम फार असेल तर भरायचं फ्लुइड कमी करा, पोट भरलेलं असलं की फुप्फुसाला जागा उरत नाही.

बाकी औषधं. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल, ब्रुफेन-डायक्लोफेनॅक नाही, ज्याची लघवी शिल्लक आहे त्याला तर नाहीच. खोकल्याला कोडीनचं सिरप, दुखण्याला ट्रॅमाडॉल-मॉर्फिन, पायाच्या आगीला गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन, हे सगळं किडनीत साठतं, पेशंट गुंगतो, कफ काढत नाही, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनियावर दुसरा न्यूमोनिया. मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-२ वाल्या शुगरच्या गोळ्या चालू असल्या तर थांबवा, बीपी कमी असेपर्यंत एसीई-एआरबी (बीपीच्या गोळ्या) थांबवा, इन्सुलिन कमी लागतं कारण तेही किडनीतूनच निघतं, खाणं बंद असताना जुनाच डोस दिला तर पहाटे शुगर ४०. गुठळीच्या प्रतिबंधाला साधं हेपरिन ५००० युनिट मला एनॉक्सापॅरिनपेक्षा बरं वाटतं. गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम लवकर सुरू केल्याने मृत्यू घटल्याचं २०२३ च्या फ्रेंच ट्रायलमध्ये दिसलं, २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ वर आले, आयसीयूतल्या पेशंटला मी देतो, फ्लू असेल तर नाही.

आणि शिरा! हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नीट लिहिलेलं नसतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. आणि ज्याचा फिस्टुला अजून व्हायचाय त्याच्या कोपरापुढच्या चांगल्या शिरा टोचटोचून संपवू नका, हाताच्या पाठीवर लावा. पीआयसीसी लाईन (दंडातून छातीपर्यंत सरकवलेली लांब नळी) तर या पेशंटला नकोच, आठवड्याच्या अँटिबायोटिकसाठी आयुष्यभराची शीर जाते.

किती दिवस द्यायचं, तर किडनी खराब आहे म्हणून १४ दिवस असा काही नियम नाही. ताप गेलाय, ऑक्सिजन नको, बीपी ठीक, शुद्धीवर आहे असे दोन दिवस गेले तर पाच दिवस पुरतात, एमआरएसए-स्यूडोमोनासला सात. गोळ्यांवर आणताना फॉस्फरस बाइंडर (जेवणातला फॉस्फरस शोषू न देणाऱ्या गोळ्या), कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या बघा, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन त्यांच्याबरोबर गिळलं की पोटातच अडकतं, निदान दोन तासांचं अंतर पाहिजे.

लसींचं डिस्चार्जच्या कागदावरच लिहून द्या, दरवर्षी फ्लू आणि न्यूमोकॉकलची कॉन्जुगेट लस, शिल्लक असेल तर. यांच्यात लस थोडी कमी चढते, म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची घ्यावी.

डिस्चार्जनंतर मी सगळ्यात जास्त लक्ष ठेवतो ते ड्राय वेटवर, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाच्या वजनावर. आठवडाभर न खाता पडून राहिलेल्या माणसाचं दोन-तीन किलो मांस सहज जातं. डायलिसिस युनिटमध्ये मात्र जुनंच टार्गेट, समजा ६० किलो. खरं वजन आता ५७ आणि मशीन ६० वर थांबतंय, म्हणजे तीन लिटर पाणी अंगात तसंच. मग दहाव्या दिवशी पेशंट दम घेऊन परत येतो, एक्स-रेत जुन्या पॅचची खूण असतेच, कारण ती जायला काही आठवडे लागतात, आणि नवीन अँटिबायोटिक सुरू होतं. म्हणून घरी सोडताना युनिटला कळवा की टार्गेट अर्धा-अर्धा किलोने खाली आणत चला, बीपी आणि पायाची सूज बघत. आणि असा पेशंट परत दमून आलाच तर कल्चर पाठवा, पण त्याच वेळी मशीनवर घेऊन आधी पाणी काढून बघा.